आपल्या हातचा बार

युद्धांचा इतिहास लिहितांना आपण सेनापतींचीं नांवें देतों, तहांच्या मित्या देतों, फार झालें तर तोफांची संख्या सांगतों. परंतु त्या तोफेंत किंवा बंदुकींत दारू कोणीं भरली, ती कोठें तयार झाली, भरणारा हात आणि उडविणारा हात एकच होता कीं निरनिराळे होते, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. माझ्याहि मनांत तो आला नसता. पण गेल्या दिवाळींत बेंबळीच्या आमच्या जुन्या घराच्या माळवदाची एक बाजू उतरवावी लागली, आणि तुळईशेजारच्या कोनाड्यांत एक लहानशी वस्तु सांपडली. शिंगाचें, अंगठ्याएवढें एक पोकळ नळकांडें. एक तोंड लाखेनें बंद केलेलें, दुसरें उघडें. आणि आंतल्या बाजूस कांठाच्या थोडी खालीं चाकूनें ओढलेली एक रेघ. घरांतल्या मुलांना तें खेळणें वाटलें. मीं मात्र तें ओळखलें. माझ्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीसाठीं दारू मोजण्याचें तें माप होतें.

ही बंदूक शिकारीची ऐट मिरविण्यासाठीं नव्हती. ज्वारी हुरड्यावर आली कीं रानडुकरांच्या झुंडी रात्रींतून वाफेच्या वाफे आडवे करीत. त्यांच्यापासून राखण करण्यासाठीं परवाना काढून ती ठेवलेली होती. संध्याकाळीं आजोबा ओसरीवर बैठक मारून ती भरीत, तेव्हां आम्हां मुलांना चार हात लांब बसून पाहण्याची परवानगी असे. प्रथम नुसता गज नळींत सोडायचा आणि तो कोठवर जातो तें पाहायचें. नळी रिकामी असली म्हणजे गजावरची खूण तोंडाशीं बरोबर येई. ती खूण पाहिल्यावांचून ते मापाला हात लावीत नसत. मग रेघेपर्यंत दारू, तीवर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हां बोळा. हें सर्व चाललें असतां ते कोणाशीं बोलत नसत. एरवीं बोलका असलेला हा मनुष्य या पांच मिनिटांपुरता पूजेला बसल्यासारखा गप्प होई.

मी सात वर्षांचा असतांना एका रात्रीं माझ्या धाकट्या चुलत्यांनीं, बंदूक आधींच भरलेली आहे हें ठाऊक नसल्यामुळें, तींत दुसरा बार भरला. गज घालून पाहण्याचें राहून गेलें. शेतांत ती उडविली तेव्हां नळी फाटली आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा गेला. आजोबा त्यांना एका शब्दानेंहि रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "बार माझ्या हातचा होता. मी सांगायला पाहिजे होतं." पुढें नळी बदलून बंदूक पुन्हां घरीं आली, परंतु त्या दिवसापासून घरांत एक नियम झाला: "जो भरील, त्यानंच उडवायची." पुढें एका निवडणुकीच्या वेळीं रिवाजाप्रमाणें ती ठाण्यांत जमा झाली, आणि थकलेले आजोबा ती आणावयास पुन्हां गेले नाहींत. बंदूक गेली, माप राहिलें.

हें माप हातीं आल्यावर मला एका जुन्या कुतूहलाची आठवण झाली. यूरोप-अमेरिकेंत बंदुकीच्या नेमबाजीचा छंद असलेले हजारों लोक दुकानांत तयार काडतुसें मिळत असतांहि, उडालेल्या काडतुसांचीं पितळी टरफलें जपून ठेवतात आणि तीं घरीं पुन्हां भरतात. रात्र-रात्र बसून सोनाराच्या तराजूसारख्या नाजूक तराजूंत दारू तोलतात. त्यांच्या तोलण्याचें माप ग्रेन हें आहे. आपला तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेचा. आणि हे लोक त्याच्याहि दशांशाची चिंता करतात. जें काम कारखान्यांतलें यंत्र क्षणांत करतें, तें मनुष्यानें हौसेनें आपल्या शिरावर कां घ्यावें? पैसे वांचतात हें उत्तर कोणीहि देईल. पण तें पुरेसें नाहीं, असें इतिहास सांगतो.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, बंदूक जन्मली तेव्हांपासून सुमारें चार शतकें प्रत्येक बंदूकवाला आपला बार आपणच भरीत असे. दुसरा मार्गच नव्हता. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. त्यांपैकीं सोरा हा जुन्या भिंतींच्या बुडाशीं, गोठ्यांच्या आसपास, गांवाच्या पांढरींतल्या खारट मातींत सांपडणारा. ती माती पाण्यांत मुरवून, पाणी आटवून तो काढीत. शुक्रनीति या ग्रंथांत सोरा पांच भाग, गंधक व कोळसा एकेक भाग असें प्रमाण दिलेलें असून कोळसा रुई, निवडुंग इत्यादि झाडांचा, धूर कोंडून केलेला असावा असें म्हटलें आहे. हा ग्रंथ वाटतो तितका प्राचीन नाहीं, असें मत अनेक पंडितांनीं मांडलें आहे. आणि मला वाटतें, दारूचें हें प्रकरणच त्या मताचा एक मोठा आधार आहे. परंतु ग्रंथ केव्हांचाहि असो, हें ज्ञान गांवोगांवच्या हातांत होतें, एवढें त्यावरून उघड होतें.

आमची बेंबळी तर या दारूच्या इतिहासाच्या ऐन मध्यावर बसली आहे. पश्चिमेस परंडा, दक्षिणेस नळदुर्ग, पूर्वेस औसा, असे तीन भुईकोट किल्ले तिच्या तीन दिशांना. विजापूरच्या तटावरची ती प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ १५४९ सालीं मुहम्मद बिन हसन रूमी यानें अहमदनगर येथें ओतली. ती कांहीं काळ परंड्याच्या किल्ल्यांत होती व तेथून १६३२ सालीं विजापुरास गेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजनाची ही वस्तु बालाघाटच्या चढउतारांवरून ओढून नेतांना किती बैल आणि किती माणसें खपलीं असतील याची कल्पनाच करावी. नळदुर्गाच्या उपळ्या बुरुजावर अजूनहि लांब तोफा पडून आहेत, आणि सहलीला गेलेलीं मुलें त्यांच्यावर घोडा-घोडा खेळतात. तोफा राहिल्या. त्यांच्यांत दारू भरणाऱ्या गोलंदाजांचें एकहि नांव आपल्याला ठाऊक नाहीं.

त्या काळीं दारूविषयीं किती जागरूकता बाळगीत, हें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत पाहावें. १७१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ. किल्ल्यावरील दारूखाना राहत्या घरांजवळ किंवा सदरेजवळ नसावा, तो तळघरांत असावा, त्याच्या भोंवतीं झाडांचें दाट कुंपण असावें, असें त्यांत बजावलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दर आठ-पंधरा दिवसांनीं स्वतः हवालदारानें येऊन दारू व बाण बाहेर काढवून उन्हांत वाळवावे आणि पुन्हां मुद्रा करून ठेवावे, अशी आज्ञा आहे. केवळ सांठा करून भागत नाहीं. ज्याच्यावर विसंबून उद्यां लढावयाचें आहे, त्याला आज आपल्या हातानें स्पर्श केला पाहिजे. कारण ओली दारू शत्रूपेक्षां वाईट. शत्रु निदान समोर दिसतो.

अठराव्या शतकांत या व्यवस्थेंत मोठा पालट झाला. तोड्याच्या बंदुकीच्या जागीं चकमकीची बंदूक आली, आणि तिच्याबरोबर कागदी काडतूस आलें. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या पुरचुंडींत आधींच बांधलेली. शिपायानें ती दांतांनीं फाडायची, थोडी दारू रंजकांत आणि बाकीची नळींत ओतायची, गोळी गजानें ठासायची, कीं बार तयार. सराव असलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढूं लागला. गाडद्यांच्या कवाइती पलटणींचा दरारा याच गतीचा होता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाला चेपलें तें युद्ध उदगीरचें म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्या मोहिमेची धुमश्चक्री औशाच्या परिसरापर्यंत, म्हणजे बेंबळीच्या शिवेपासून एका मजलेच्या आंत, येऊन पोंचली होती. इब्राहिमखान गाडदी, जो पूर्वीं निजामाच्याच पदरीं होता, तो आतां भाऊंच्या बाजूनें उभा होता.

परंतु या गतीची एक किंमत होती. शिपायाच्या कमरेच्या तोसदानांतलें काडतूस आतां दुसऱ्यानें बांधलेलें असूं लागलें. ही दुसऱ्यावरची भिस्त पेशव्यांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं; माधवराव पेशव्यांच्या काळीं, १७६५-६६ च्या सुमारास, जुन्नर प्रांतांत आंबेगव्हाण येथें गोळे ओतण्याचा कारखाना निघाला होता. पुढें महादजी शिंद्यांनीं तर आग्र्यास मोठाच कारखाना उभारला. सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं तेथें तोफा ओतल्या जात आणि दहा रुपयांस एक याप्रमाणें उत्तम बंदुका तयार होत. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास मराठ्यांनीं निजामाचा जो पराभव केला, त्यांत शिंद्यांच्या या कवाइती फौजेचा वांटा मोठा होता.

यानंतर केवळ आठ वर्षांनीं काय झालें? १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच कंपनीनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या पदरच्या इंग्रज अंमलदारांना फोडलें. सेनापति पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ऑक्टोबरांत आग्रा पडलें. तोफा आपल्या होत्या, दारू आपली होती, आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तोफांजवळ उभ्यानें मरण पत्करून आपलें इमान सिद्ध केलें. पण त्या सर्वांना हुकूम देणारें डोकें मात्र उसनें घेतलेलें होतें. नुसता कारखाना आपल्या मुलखांत असणें म्हणजे बार आपल्या हातचा असणें नव्हे, ही गोष्ट त्या साठ दिवसांनीं शिकविली. आमच्या इतिहासांत असईचा उल्लेख पराभव म्हणून होतो. मला तो एका फार जुन्या प्रश्नाचें उत्तर म्हणून महत्त्वाचा वाटतो.

त्या प्रश्नाचें दुसरें आणि अधिक भयंकर उत्तर १८५७ सालीं मिळालें. त्या वेळीं आमचा मुलूख निजामाकडून इंग्रजांनीं लावून घेतलेला होता. १८५३ पासून कर्नल मेडोज टेलर हा नळदुर्गास राहून कारभार पाहत होता. १८६० सालीं हा जिल्हा निजामाला परत मिळाला. उत्तरेंत एन्फील्ड बंदुकीच्या नव्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, अशी बातमी जानेवारी १८५७ मध्यें डमडमच्या छावणींतून पसरली. पुढचा सर्व प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांतली एक लहानशी गोष्ट आपण विसरतों. हा क्षोभ पाहून सरकारनें जो पहिला उपाय योजला तो असा कीं, काडतुसें वंगण न लावतांच द्यावीं, आणि शिपायांनीं मेण, तूप इत्यादि जें आपणांस चालेल तें आपल्या हातानें लावून घ्यावें. म्हणजे काडतुसाचा निदान एक अंश तरी शिपायाच्या हातीं परत द्यावा, हें शहाणपण सरकारला सुचलें होतें!

पण तें उशिरां सुचलें. विश्वास एकदां उडाला म्हणजे तो तुपानें परत येत नाहीं. आतां शिपायांना कागदाचाच संशय येऊं लागला. दांतांनीं फाडण्याऐवजीं हातानें फाडण्याची मुभा दिली, तरी तो गेला नाहीं. २४ एप्रिलला मीरतेस तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद स्वारांपैकीं पंचायशींनीं काडतुसाला हात लावण्याचें नाकारलें, आणि तीं काडतुसें तर जुन्याच पद्धतीचीं होतीं. त्या उठावाचीं कारणें अनेक होतीं. केवळ काडतुसामुळें राज्यें हादरत नाहींत. तथापि ठिणगी पडली ती नेमकी याच ठिकाणीं: जी वस्तु मी माझ्या तोंडाला लावणार आणि जिच्यावर माझा प्राण अवलंबून राहणार, ती कोणीं, कशाची आणि कोणत्या हेतूनें केली, हें मला ठाऊक नाहीं.

त्यानंतर दहा वर्षांच्या आंत कागदी काडतूस मागें पडूं लागलें. मागून भरण्याची बंदूक आली आणि तिच्यासाठीं धातूचें काडतूस आलें. १८६६ च्या सुमारास इंग्लंडांत कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेंत हायरम बर्डन या दोघांनीं काडतुसाच्या बुडाशीं बसणाऱ्या ठिणगीच्या टोपीचे दोन निरनिराळे प्रकार काढले. गंमत अशी कीं, इंग्रजाची टोपी अमेरिकेंत रूढ झाली आणि अमेरिकनाची यूरोपांत. बॉक्सरच्या काडतुसाला मधोमध एकच भोंक असल्यामुळें बारीक सळईनें उडालेली टोपी सहज बाहेर पडते आणि टरफल पुन्हां कामीं येतें. बर्डनच्या काडतुसाचें तसें होत नाहीं. अमेरिकेंत घरीं काडतुसें भरण्याचा प्रघात फोफावला त्याला ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुष्कळ अंशीं कारण झाली. इकडे १८६९ सालीं पुण्याजवळ खडकीस इंग्रजांनीं दारूगोळ्याचा कारखाना काढला. त्यांतलें काडतूस हिंदी माणसांनीं भरावें, हिंदी शिपायानें उडवावें, पण त्यावर सत्ता मात्र दोघांचीहि नसावी, अशी ती व्यवस्था होती. सत्तावनाचा धडा राज्यकर्त्यांनीं इतका मनावर घेतला कीं, डोंगरी तोफखाने सोडले तर तोफा हिंदी माणसाच्या हातीं त्यांनीं दीर्घकाळ दिल्याच नाहींत, आणि बंदुकाहि गोऱ्यांपेक्षां एक पिढी जुन्या दिल्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेच्या पश्चिम भागांत गव्यांची शिकार करणारे लोक दुकानापासून शेंकडों मैल दूर असत. पितळेचें टरफल महाग, शिसें आणि दारू स्वस्त; म्हणून तीं टरफलें ते शेकोटीपाशीं बसून पुन्हां भरीत. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें आयडियल या नांवानें त्यासाठीं लागणारीं अवजारें विकण्याचा कारखानाच काढला. येथवर कारण काटकसरीचें आणि अडचणीचें होतें. पण पुढें आगगाड्या आल्या, दुकानें आलीं, काडतुसें स्वस्त झालीं. तरी हा उद्योग थांबला नाहीं, उलट वाढला. याचा अर्थ उघड आहे. काटकसर हें दार होतें, घर निराळेंच होतें.

तें घर कोणतें? जाणते नेमबाज सांगतात कीं, एका साच्याच्या दोन बंदुकाहि सारख्या वागत नाहींत. एकीला एका वजनाची गोळी आणि एका मापाची दारू मानवते, दुसरीला ती मानवत नाहीं. कारखान्याचें काडतूस हें सर्व बंदुकांसाठीं केलेलें असतें. शिंप्याकडच्या तयार अंगरख्यासारखें तें सर्वांना होतें आणि कोणालाच नीट बसत नाहीं. स्वतः भरणारा मनुष्य आपल्या एका बंदुकीची प्रकृति ओळखण्यासाठीं महिनेच्या महिने खर्च करतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलतो, उडवून पाहतो, टिपून ठेवतो. हें शास्त्रच आहे, आणि तें ज्याला साधलें त्याला लक्ष्यावरचें छिद्र पाहून होणारा आनंद विकत घेतलेल्या काडतुसानें होत नाहीं. नेम चुकला तर दोष देण्यास दुसरा कोणी उरत नाहीं. हें ओझें ज्यांना जड वाटत नाहीं, त्यांच्यासाठींच हा छंद आहे.

आपल्या देशांत या छंदाला वाव थोडा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परक्या सरकारनें प्रजेला नि:शस्त्र केलें. आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेंहि परवान्यावांचून काडतुसें तयार करण्यास मनाईच आहे. घरोघर दारू भरलेली असावी असें मीहि म्हणणार नाहीं; आमच्या घरांतला गेलेला अंगठा मला तसें म्हणूं देणार नाहीं. शिवाय आमच्या नामांकित नेमबाजांची बावीस नंबरी बंदूकच अशी आहे कीं, तिच्या काडतुसांतला ठिणगीचा मसाला टरफलाच्या कांठांतच भरलेला असल्यामुळें तें पुन्हां भरतांच येत नाहीं. तरीहि आश्चर्य पाहा. थोर नेमबाज या काडतुसांचेहि निरनिराळे घाणे मागवितात, आपली बंदूक घट्ट बसवून प्रत्येक घाण्याचें काडतूस उडवून पाहतात, आणि जो घाणा आपल्या नळीला मानवेल त्याचाच सांठा करतात. १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत पन्नास मीटरच्या रायफलींत कांस्यपदक मिळविलें, तो प्रकार याच बंदुकीचा. जेथें भरणें हातीं नाहीं तेथें निवडणें तरी हातीं ठेवावें, ही मनुष्याची ओढ किती चिवट आहे!

ही ओढ कशाची आहे? मला वाटतें, ती जबाबदारीची आहे. ज्या वस्तूचा परिणाम भयंकर आहे, तिच्या आरंभापासून शेवटापर्यंत आपला हात असावा, निदान आपलें लक्ष असावें, असें विचारी मनुष्याला वाटतें. आज्ञापत्रांतला हवालदार दारू उन्हांत घालतो, मीरतेचा स्वार काडतूस नाकारतो, परदेशांतला कोणी नेमबाज रात्रीं दिव्याखालीं गुंजभर दारू तोलतो. या तिघांची परिस्थिति, जात आणि हेतु अगदीं भिन्न आहेत. पण तिघेहि एकच प्रश्न विचारीत आहेत. आणि हल्लीं जेव्हां आपल्या जीवनांतली बहुतेक प्रत्येक वस्तु कोणीतरी, कोठेंतरी आधींच भरून आपल्या हातीं दिलेली असते, तेव्हां तो प्रश्न फक्त बंदूकवाल्यांपुरता राहिलेला नाहीं.

दिवाळीच्या त्या संध्याकाळीं मीं तें माप चुलत्यांना दाखविलें. ते आतां पंचाहत्तरीला आले आहेत आणि त्यांना फारसें दिसत नाहीं. त्यांनीं तें डाव्या हातांत घेतलें; अंगठा नसल्यामुळें तें चार बोटांत धरून तळव्याशीं दाबावें लागलें. उजव्या हाताच्या करंगळीच्या नखानें त्यांनीं आंतली रेघ चांचपली. "आप्पांची रेघ," ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनीं विचारलें, "आणि गज? गज सांपडला का रे?"

गज सांपडला नव्हता. तें ऐकून त्यांनीं माप माझ्या हातांत परत दिलें.